मेंदीची पिल्लं

पिंजरा पायजे व्हय? देती की. पन आदी बस हितं पायरीवर. आन् मी जे सांगती त्यातला एक शब्द जरी खरा मानलास ऋतुजा, तर तुझ्यासारखी येडी अख्ख्या शुक्रवार पेठंत दुसरी न्हाय आसं समजीन मी. लाव पैज. मायाक्का म्हातारी किती थापाडी हाय ते शेंबड्या पोराला बी ठावं हाय. त्या चनबसप्पाच्या दोन्ही चपला दोऱ्यानं येकीला येक कुनी बांदल्या हुत्या? मी. तुझ्या सासूला भिंतीमागनं देवीचा आवाज काडून कुनी भेडसावलं? मीच की. ती आजून मंगळवार धरती. सांगू नको तिला, उपासानं बरी बारीक झालीया.

तवा ऐक, आन् मनातल्या मनात म्हनत ऱ्हा, म्हातारी फेकती, म्हातारी फेकती. म्हंजी घरी जाऊन झोप लागंल तुला.

माझ्या हाताकडं नको बघू. पदराखाली हायती तितंच आसू दे. थंडी वाजती मला. उन्हाळ्यात? म्हाताऱ्या मानसाला कवाबी वाजती.

कसला आवाज? किनकिन? उंदीर आसंल. उंदीर वाजत्यात कदीमदी.

तर तुझी पिल्लं उंदीर न्यायला लागले म्हनतीस. मोबाईलवर बघून ती आवाजाची डबी आनलीस न्हवं, प्लगात घालायची? उंदराला ऐकू येती आन् मानसाला येत न्हाय म्हनं. आगं, उंदीर त्या डबीवर बसून बूड शेकत आसतील. आन् जाळी कुटली लावलीस? कोंबडीची जाळी? मोठ्या भोकाची? त्यातनं कोंबडी भायेर येत न्हाय, पन उंदीर आत जातो. जितं तुझा अंगठा जातो तितं उंदराचं डोस्कं जातंय, आन् डोस्कं गेलं की मागनं समदा उंदीर जातो. बारीक जाळी लाव, करंगळी जानार न्हाय आशी. दानं रातचं खाली ठिवू नको. खुराडं इटांवर उचलून घे. आन् औषध नको घालू बाई. औषध खाल्ल्याला उंदीर परड्यात येऊन मरतो, कोंबडी त्याला टोचती, आन् मंग कोंबडी बी जाती.

ह्ये माझं शिक्षान न्हाय. मी दुसरीतनं शाळा सोडल्याली. ह्ये समदं रुक्सानानं शिकवलं.

अतीकची आई गं. ह्या भिंतीच्या पल्याडची. तू लगीन हून आलीस तवा तुझा चुडा तिनंच भरला, आठवतंय का? आदी टोपली घिऊन पेठा हिंडायची, मंग गुडघं गेलं तवा घरातच बांगड्यांचं कपाट मांडून बसली. तिच्या घरात समदी फरशी, कोंबडी ठिवायला वीतभर माती न्हाय. आन् माझ्याकडं ह्ये परडं. मंग आमी वाट्यानं पाळायचो. कोंबडी तिची, जागा माझी, राखन माझी. अंडी बसवायची, पिल्लं निघाली की निम्मी तिची, निम्मी माझी. आमच्या धनगराच्यात शेळ्या बी आशाच देत्यात. वाट्याच्या जितराबात कुनी बुडवाबुडवी करत न्हाय बघ. भाऊ भावाचं शेत खातोय, पन वाट्याचं पिल्लू खायला त्याचा हात धजत न्हाय.

आता पिल्लं तर समदी सारखीच. वळखायची कशी? ती तिच्या पिल्लांच्या पाठीला मेंदी लावायची, मी माझ्यांना हळद. एकदा काय केलं मी, तिची मेंदीची पिल्लं धुतली आन् समद्यांनाच हळद फासली. म्हनलं बघू काय करती. सकाळी आली, खाली बसली, डोळं मिटलं, नुसती चिवचिव ऐकली. आन् बरोबर आपली तेवढी उचलून ओट्यात घातली. दुपारी च्या पाजला मला. त्यात मूठभर मीठ.

आशी ती. आन् आशी मी. आख्खं आयुष्य भिंतीच्या दोन अंगाला बसून एकमेकीच्या खोड्या काडत घालवलं आमी.

ह्या परड्याच्या मागं धान्याचं गोडाऊन, तवा हितं उंदीर म्हंजी मांजराएवढं. रुक्सानाचा उपाय येगळा. तिच्याकडं फुटक्या बांगड्या टोपलीभर. बीळ दिसलं की त्यात काच कोंबायची, हिरवी, लाल, सोनेरी, आन् वरनं सिमिट. ती भिंतीकडची समदी बिळं तिच्या हातानं बुजवल्याली हायती. बसायची कशी, आदी एक हात भुईला टेकायची, मंग 'या अल्ला' म्हनून हळूच बूड टेकायची. आन् काच भरता भरता माझ्या हाताकडं बघायची.

"क्या गे मायाक्का. बांगडीवालीच्या भिंतीला लागून राहती तू, और हात ऐसे नंगे."

माझा मालक गेल्यापासनं माझं हात रिकामं. तिला ते बघवायचं न्हाय. म्हनायची, "एकच घाल गे. हिरवी नको, काळी घाल. कोन बघतंय?" मी म्हनायची, लोक बघत्यात. ऋतुजा, मी जल्मात कुनाला भ्याले न्हाय, भुताला न्हाय का पोलिसाला न्हाय. पन त्या एका गोष्टीत लोकान्ला भ्याले. तिनं किती येळा बांगडी पुडं केली, मी किती येळा हात मागं वडला.

कोरोनात मी पडले तुला ठावं हाय. माझा ल्योक सिदू पुन्याला अडकल्याला. पुडच्या दाराला कुनी हात लावंना. तवा ही मागनं परड्यातनं यायची, तोंडाला वडनी बांदून, गुडघं घासत. पेज पाजायची. धा-बारा दिस पाजली. मी जगले. बरी झाले तवा म्हनली, "आता निम्मी तू माझी. वाट्यानं ठिवलीया तुला तुझ्याकडं. नीट राख."

मी म्हनलं, "कुटली निम्मी? वरची का खालची?"

"डावी," म्हनली. "उजव्या हातानं तू खोड्या काडतीस, तो हात मला नक्को."

लई हसलो त्या दिशी.

मंग ह्या सालची कोंबडी बसवली. दहा पिल्लं निघाली, एक अंडं वाया गेलं न्हाय. रुक्साना भिंत धरत आली, दम लागल्याला, तरी वाटीत मेंदी कालवून आनल्याली. पाच पिल्लांना तिनं मेंदी लावली, पाचांना मी हळद. तीच तिची परड्यातली शेवटची खेप. छातीत पानी झालं हुतं. मी दवाखान्यात गेले तर नाकात नळ्या. मी कानाशी वाकून म्हनलं, "उठ, न्हायतर तुझी मेंदीची पिल्लं मी कापून खानार."

ती हसली. ओठ तेवढं हाललं. म्हनली, "माझा वाटा बुडवू नको गे."

तेच. तिचं शेवटचं बोलनं.

त्यांच्यात बायांनी कबरस्तानात जायचं न्हाय. तिला नेली तवा मी त्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरनीपाशी हुबी ऱ्हाले. समदी बापयं गेली मागनं. धूळ खाली बसंस्तोवर मी तितंच. गिरनीवाला म्हनला, आज्जी दळन कुटाय? मी म्हनलं, इसरले.

मंग चार दिस गेल्यावर मेंदीची पाची पिल्लं टोपल्यात घातली आन् अतीककडं गेले. वाटा दिलाच पायजे की. अतीक रडला. म्हनला, "मौशी, राहू द्या तुमच्याकडंच. अम्मीचं काय, तुमचं काय, एकच था." मी लई सांगितलं, बाबा आसं चालत न्हाय, वाट्याचं पिल्लू मालकाकडं जायलाच लागतंय. तो ऐकंना. टोपलं घिऊन परत आले. दोन घरात किती येळा वाटा झाला आमचा, पन दारातनं परत कदी आला न्हवता.

हितनं पुडचं मनातल्या मनात म्हनत ऐक. म्हातारी फेकती.

त्या दिशी दिवेलागनीला गोडाऊनपल्याडच्या कापडाच्या कारखान्यातलं माग बंद पडलं. लाईट गेल्ती, आताशा रोज त्याच येळंला जाती. दिवसभर ते खटखट चालू आसतंय, आपल्याला ऐकू बी येत न्हाय. बंद पडलं की मंग कान दुकत्यात. मी सुकटाचा तुकडा लावून ह्यो पिंजरा खुराड्याच्या कडंला मांडल्याला. बघते तर त्यात उंदीर घावल्याला. मोठा, काळा. आता घावल्याला उंदीर काय करतो? आदळाआपट करतो, तारा चावतो. ह्यो गप. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसल्याला. अंगावरचं केस हुबं. सुकट तसंच. मी काठीनं पिंजरा वाजवला, तर मागं वळून बघंना. खुराड्याकडं पाठ करून, शाळंत मास्तरनं हुबं केल्यागत... थरथर कापत...

आन् मला वास आला. वल्ल्या मेंदीचा.

मंग आवाज. भुईतनं. भिंतीकडच्या बिळातनं. किन... किन... काच काचंवर घासावी तसा. खुराड्यात कोंबडी हाय, दहा पिल्लं हायती, पन एक चिवचिव न्हाय. कुत्री न्हायती. समदी पेठ जशी काय कान लावून बसल्याली.

मी कंदील लावून आले. जाळी तशीच. कडी लावल्याली. पिल्लं मोजली, मेंदीचं एक कमी. रगात न्हाय, पीस न्हाय. आन् बिळाच्या तोंडाशी, सिमिट कुटं फुटल्यालं न्हाय बरं का, सिमिटावर एक बांगडी. हिरवी. आख्खी. हातात घेतली तर कोमट, आत्ताच कुनीतरी मनगटातनं काडल्यागत.

घाबरले? न्हाय. आदी राग आला. म्हनलं कुनीतरी माझी खोडी काडली. आयुष्यभर मी लोकांच्या काडल्या, आता कुनाची तरी पाळी. चोर धरायचा म्हनून दुसऱ्या दिशी खुराड्याभवती चुलीतली राख पसरली. बारीक चाळून. मांजर गेलं तरी ठसा उटंल आशी. आन् दार लावून घरात बसले. दिवेलागनीला परत तेच. वास. किनकिन. मंग गप.

कंदील घिऊन गेले. राखंत उंदरांची पावलं. बारीक बारीक, किती तरी. पन समदी एकाच अंगाला. खुराड्यापासनं गोडाऊनकडं. पळून गेल्याली. येनारं एक बी न्हाय... आन् खुराड्याच्या दाराम्होरं, राखंत, एकच ठसा. मानसाच्या हाताच्या पंजाचा. खाली बसताना भुईला टेकवल्याला.

एक पिल्लू कमी. एक बांगडी.

मी तितंच राखंत बसले. त्या पंजावर माझा पंजा ठिवून बघितला. तिचा मोठा हुता माझ्यापेक्षा. माझा बरोबर बसला आतमंदी.

मंग भ्या न्हाय वाटलं गं. कशाला वाटंल? रोज दिवेलागनीला मी पाट टाकून बसायला लागले. बोलायची तिच्यासंगं. सिदूचा फोन आल्ता, सून परत गरवार हाय. चनबसप्पा दात बसवून आला, आता हसला की घोड्यागत दिसतोय. ती काय बोलायची न्हाय. नुसती किनकिन. मी काय चावट बोलले तर जरा जोरात किनकिन. तेवढा येळ परड्यात एक उंदीर हालायचा न्हाय. आन् ती गेली की मी बांगडी उचलायची.

व्हय, घातल्या. तिनं दिल्याल्या परत कशा करू? हयात हुती तवा हात मागं वडला. आता कुनाच्या तोंडाम्होरं वडू?

पन वाटा तो वाटा. पाचच पिल्लं तिची. एक दिस बघते तर मेंदीचं एकच ऱ्हायल्यालं. आरं, ह्ये गेलं की संपलं. उद्यापासनं ती कशाला यील? ते पिल्लू मी घरात आनलं. तांदळाच्या डब्यात घातलं, वर झाकान, झाकनावर पाटा ठिवला. पाट्याला पाठ लावून बसले. म्हनलं रुक्साना, ह्ये न्हाय देनार. ह्ये बुडवलं म्हन. भांड माझ्यासंगं. पन ये.

सकाळी पाटा जागच्या जागी. झाकान उगडलं. तांदळावर बांगडी.

मंग मी माझी खोडी काडली. माझ्या हळदीच्या एका पिल्लाला मेंदी फासली. अंधार पडायच्या येळंला वास आला, किनकिन आली, खुराड्यापतोर आली... आन् थांबली. लई येळ थांबली. मी म्हनलं, घे की गं, तुझंच हाय. घे... मंग हळूहळू लांब गेली. सकाळी ते पिल्लू कोपऱ्यात, समदं वल्लं, आंघूळ घातल्यागत. आन् पाठीला हळद. ताजी. मी न्हाय लावली ऋतुजा. माझ्या घरातली हळद तवा संपल्याली हुती.

ती कदी वाट्याबाहेरचं घेत न्हाय. मला ठावं हुतं की. तरी केलं.

त्या दिसापासनं ती आली न्हाय. मी पाट टाकून बसायची, मागांची खटखट बंद पडायची, आन् नुसतं उंदीर. परत आलं समदं. पायावरनं पळायचं माझ्या. अतीकनं आईची आठवन म्हनून तिची कोंबडी दुधनीला बहिनीकडं, फिरदोसकडं पोचवली, मंग माझ्या हळदीच्या पिल्लांना आई बी न्हाय. उंदरांनी पाची खाल्ली. ती मातुर खरी उंदरांनी. रगात, पिसं, पाय... समदं पडल्यालं. मी जाळी नीट केली न्हाय. बारीक जाळी लाव म्हनून तुला सांगती, आन् माझी फाटल्याली तशीच. मला तर उंदीर जास्त झालं की रडू यायचं. उंदीर हायती म्हंजी ती न्हाय.

परवा रातभर इचार केला. तिचं माझ्याकडं आजून काय ऱ्हायलं? पिल्लं गेली. कोंबडी पोचवली. एक वाटी हुती तिची, ती बी अतीकच्या बायकूला दिऊन आले. मंग ध्यानात आलं. वाट्यानं ठिवल्याली एक गोष्ट हाय की. तिनं कोरोनात ठिवल्याली. नीट राख म्हनलेली.

सुरवातीपासनं हाताकडं बघतीस न्हवं? ह्ये बघ.

ह्यो उजवा. हळद लावली सकाळी. ह्यो माझा. खोडकर, तिला नको आसलेला.

आन् ह्यो डावा. कोपरापतोर मेंदी. बरी रंगलीया का? म्हाताऱ्या कातडीला लई येळ लागतो. ह्या पाच बांगड्या तिच्या.

रडतीस काय गं? तुला म्हनलं हुतं न्हवं, एक शब्द खरा मानू नको. म्हातारी फेकती. म्हन. म्हन की.

थांब. जरा गप.

मागांचा आवाज बंद झाला. मगापासनं त्या पोत्यात खुडबुड चालल्याली, ऐकलीस तू बी. आता ऐक... न्हाय ना काय? आन् त्यो पिंजरा बघ, जो तू न्यायला आलीस. सकाळीच एक घावलाय त्यात. दुपारपतोर तारा चावत हुता. आता बघ तोंड कुटं केलंय त्यानं.

ऱ्हाऊ दे, पिंजरा उद्या ने. सकाळी ये आन् आपल्या हातानं ने. दार नुसतं लोटल्यालं आसंल. बिळापाशी बांगडी पडल्याली दिसली तर सिदूला काय सांगू नको. तू घाल. तुझ्या हाताला हुईल ती, तिचं माप कदी चुकत न्हाय.

मला वास येतोय. तुला आला का? न्हाय? बरं हाय मंग.

ऊठ आता. जा. भिंतीच्या अंगानं नको जाऊ, ह्या अंगानं जा. तिकडनं ती भिंत धरून येती, गुडघ्याचा तरास हाय तिला. तिला वाट दे. जा बाई.